घोडे आणि तट्टूंसाठी विजेचे कुंपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांवरून हे पान तयार केले आहे. सुरुवात प्राथमिक गोष्टींपासून केली असून अडचणीचे अपवाद शेवटी घेतले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असल्यास तिथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘घोडा’ या शब्दात तट्टूही धरावे. जिथे दोघांत फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

१. धातूचे बारीक धागे विणलेली एवढी नाजूक पट्टी चारपाचशे किलोच्या घोड्याला अडवते तरी कशी?

ती अडवत नाही. घोडा आपणहून थांबतो. एनर्जायझर, म्हणजेच आपले झटका मशीन, आत साठवलेली वीज दर सेकंद-दीड सेकंदाला एका क्षणिक ठोक्यात कुंपणात सोडते. घोड्याचे नाक पट्टीला लागले की ती वीज त्याच्या अंगातून पायांवाटे जमिनीत उतरते आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळयांमार्फत मशीनकडे परतते. हे वर्तुळ पुरे झाले तरच झटका बसतो. घोड्याची कातडी पातळ असते, त्यातून नाल ठोकलेली असेल तर जमिनीशी संपर्क आणखी चांगला होतो, त्यामुळे एकदोन अनुभवांत तो धडा घेतो. मात्र जे कुंपण केवळ त्याच्या आठवणीवर उभे आहे, ते त्याला लांबून दिसले पाहिजे आणि कधीही तपासले तरी जिवंत सापडले पाहिजे. पुढची बहुतेक उत्तरे या दोन गरजांतूनच निघतात.

२. माणसाला किंवा लहान मुलाला यापासून धोका आहे का?

प्रमाणित मशीनचा झटका दुखतो, पण निरोगी माणसाला सहसा इजा करत नाही, कारण व्होल्टेज हजारोंत असले तरी ठोका अत्यंत अल्पकाळ टिकतो. आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन ठोक्यांमध्ये किमान १ सेकंदाचे अंतर असावे लागते आणि एक ठोका १० मिलिसेकंदांपेक्षा लांबू शकत नाही. चांगल्या मशीनचा ठोका तर याहून कितीतरी कमी वेळाचा असतो. मधल्या या विसाव्यामुळेच हात मागे घेता येतो. तरीही डोके, मान आणि छाती तारेपासून दूर ठेवावी, कुंपणाच्या ओळींमधून वाकून जाऊ नये आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने जवळ जाण्यापूर्वी मशीन बंद करावे. लोकांची ये-जा असलेल्या बाजूला ठळक पिवळ्या सूचना-पाट्या थोड्या थोड्या अंतरावर लावाव्यात.

घरातल्या वीजजोडणीची वायर थेट कुंपणाला जोडण्याबद्दलही प्रश्न येतात. तसे कधीही, कोणत्याही कारणासाठी करू नये. त्या प्रवाहात विसावा नसतो. स्नायू आखडून हात सुटत नाही आणि माणूस किंवा जनावर जागीच मरते.

३. तार, दोरी की पट्टी : घोड्यांसाठी काय घ्यावे?

गुरांना चालणारी बारीक, साधी लोखंडी तार घोड्यांसाठी एकट्याने वापरू नये. घोडा दचकला की आधी धावतो आणि मग पाहतो. वेगात येणाऱ्या घोड्याला ती तार दिसत नाही आणि ताणलेली असल्यास मांस कापत जाते. म्हणून निवड पट्टी आणि जाड दोरी यांच्यात करावी. ४० मिलिमीटरची रुंद पट्टी सर्वांत ठळक दिसते, अडकल्यास तुलनेने लवकर तुटते, पण वाऱ्यात फडफडून झिजते. दर दोन खांबांमध्ये पट्टीला एक पीळ दिला की फडफड बरीच कमी होते. साधारण ६ मिलिमीटरची दोरी वाऱ्याला दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. मात्र ती सहजी तुटत नाही, हा तिचा गुण अपघाताच्या वेळी दोष ठरतो. वारा जोरदार असलेल्या उघड्या माळावर मी दोरी निवडेन, आणि नव्या किंवा बुजऱ्या घोड्यांसाठी किमान वरची ओळ पट्टीची ठेवेन.

रंगाचाही विचार करावा. घोड्याला निळा आणि पिवळा रंग वेगळे कळतात, लाल आणि हिरवा मात्र नाहीत. हिरवी दोरी बागेत शोभते, पण घोड्याच्या दृष्टीने ती गवतात मिसळून जाते. पांढरी किंवा पांढरी-निळी पट्टी बरी.

खरेदीच्या वेळी वेष्टनावर दर मीटरमागचा विद्युतरोध किती ओहम आहे ते अवश्य वाचावे. मीटरला ५ ओहम रोध असलेल्या स्वस्त पट्टीची ४०० मीटरची ओळ २००० ओहम रोध उभा करते, मीटरला ०.१ ओहम रोधाच्या पट्टीत तोच आकडा ४० ओहम असतो. पहिल्या पट्टीच्या टोकाला झटका नावापुरता उरतो आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

४. उंची किती ठेवावी आणि ओळी किती असाव्यात?

मध्यम बांध्याच्या घोड्यासाठी वरची ओळ साधारण १.२ ते १.४ मीटरवर, तट्टूसाठी १ ते १.२ मीटरवर असावी. शांत, सवयीच्या घोड्यांना दोन ओळी पुरतात, पण तीन असलेल्या उत्तम. तट्टूंच्या बाबतीत उडी मारण्यापेक्षा खालून निसटण्याची शक्यता अधिक, म्हणून तीन-चार ओळी घ्याव्यात आणि सर्वांत खालची जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवावी. गवत वाढून टेकले की याच ओळीतून पहिल्यांदा वीज जमिनीत गळते. तिला वेगळा स्विच दिल्यास गवत कापेपर्यंत ती एकटी बंद ठेवता येते.

५. खांब कोणते वापरावेत आणि किती अंतरावर?

कायमच्या कुंपणासाठी लाकडी खांब सर्वांत भरवशाचे. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब जाड, खोल गाडलेले आणि तिरका टेकू दिलेले असावेत, कारण सगळा ताण तिथेच येतो. रुंद पट्टीसाठी खांबांमधले अंतर ३ ते ५ मीटर आणि दोरीसाठी ५ ते ८ मीटर ठेवावे. लाकूड किंवा बांबू वाळलेला असताना वीज अडवतो, पावसात भिजला की गळू देतो. म्हणून प्रत्येक खांबावर इन्सुलेटर, म्हणजे पट्टी खांबाला टेकू न देणारा वीजरोधक तुकडा, हवाच. लोखंडी खांब शक्यतो टाळावेत, आणि वापरायचेच असतील तर वरच्या टोकांवर जाड टोप्या चढवाव्यात, कारण घोडा त्यावर कोसळला तर जखम भयंकर होते. पायाने दाबून रोवायचे प्लॅस्टिकचे हलके खांब केवळ कुरणाचे तात्पुरते भाग पाडण्यासाठी आहेत. शक्य असेल तिथे काटकोनी कोपरे टाळून वळण गोल ठेवावे, म्हणजे दांडगा घोडा दुबळ्याला कोपऱ्यात कोंडू शकत नाही.

६. मशीन किती शक्तीचे घ्यावे? खोक्यावर ‘१० किलोमीटर’ लिहिले आहे ते खरे मानावे का?

तो आकडा आदर्श परिस्थितीतला असतो : एकच चांगली तार, गवताचा स्पर्श नाही, अर्थिंग उत्कृष्ट. प्रत्यक्षात आपण प्रत्येक ओळ मोजली पाहिजे. ५०० मीटर घेराच्या चार ओळी म्हणजे २ किलोमीटर वाहक झाला. पट्टीचा रोध आणि गवताची गळती धरून गरजेपेक्षा बरेच मोठे मशीन घ्यावे. मशीनची ताकद ज्यूलमध्ये (ऊर्जेच्या एककात) पाहावी आणि ‘साठवलेले’ नव्हे तर ‘बाहेर पडणारे’ ज्यूल पाहावेत. जाहिरातीत बहुधा मोठा असलेला पहिला आकडा छापतात. मशीन कोणतेही असो, कुंपणाच्या सर्वांत दूरच्या टोकाला ३००० ते ४००० व्होल्ट मिळायला हवेत. २००० च्या खाली गेलेल्या ओळीला कुंपण समजू नये.

वीजजोडणी जवळ असेल तर त्यावर चालणारे मशीन सर्वांत निर्धोक, कारण बॅटरी उतरण्याची चिंता राहत नाही. ते छताखाली, पागेतल्या चाऱ्यापासून दूर लावावे.

७. बॅटरी किती दिवस चालेल आणि सोलर पॅनल केवढे लागेल?

हिशोब सोपा आहे. समजा मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीतून सरासरी १०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. दिवसाला २.४ अँपिअर-तास झाले. ६० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे वापरायला ३० उरले. ते साधारण १२ दिवस पुरतील. गाडी सुरू करण्याच्या बॅटरीला असे सावकाश उतरणे मानवत नाही, म्हणून खोलवर उतरणे सोसणारी डीप-सायकल बॅटरी घ्यावी.

पॅनलसाठी तोच खर्च वॅट-तासांत मांडावा : २.४ गुणिले १२, म्हणजे सुमारे २९. चार तासांच्या चांगल्या उन्हात १० वॅटचे पॅनल कागदावर ४० वॅट-तास देते, पण धूळ, उष्णता आणि चार्जिंगमधली घट वजा जाता जेमतेम खर्च भागतो आणि ढगाळ आठवड्यात तेही नाही. म्हणून इथे २० वॅट घ्यावे.

८. अर्थिंग नेमके कसे करावे?

कुंपण ‘चालत नाही’ अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, आणि ते नजरेआड असल्यामुळे लोक तार, मशीन, बॅटरी सगळे बदलून शेवटी अर्थिंगकडे वळतात. गॅल्व्हनाइज केलेल्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, किमान तीन सळया घ्याव्यात, प्रत्येकी १ ते २ मीटर लांबीच्या. त्या एका रांगेत, एकमेकींपासून २ ते ३ मीटर अंतरावर, पूर्ण खोलवर ठोकाव्यात. फार जवळ ठोकलेल्या तीन सळया जमिनीच्या दृष्टीने जवळजवळ एकीचेच काम करतात. सगळ्यांना एकाच अखंड वायरने, घट्ट क्लॅम्प लावून जोडावे. नुसती वायर गुंडाळल्यास काही महिन्यांत गंज चढून जोड मरतो. बांधकामातली उरलेली सळई वापरण्याचा मोह आवरावा, कारण तिच्यावरचा गंज वीज अडवतो. तांब्याची वायर जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाला थेट जोडू नये. ओलाव्यात तो जोड झपाट्याने गंजतो.

जागा सावलीची आणि ओलसर निवडावी. घराच्या किंवा इतर कोणत्याही अर्थिंगपासून या सळया किमान १० मीटर दूर असाव्यात, आणि पाण्याचे धातूचे नळ किंवा पत्र्याची शेड यांना कुंपणाचे अर्थिंग कधीही जोडू नये.

९. अर्थिंग पुरेसे आहे हे कसे ओळखावे?

मशीन बंद करून, त्यापासून १०० मीटरहून दूर, दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत रोवून कुंपणाला टेकवून ठेवाव्यात आणि मशीन पुन्हा सुरू करावे. कुंपणाचे व्होल्टेज २००० च्या खाली येईपर्यंत अशा सळया वाढवाव्यात. दर वेळी मशीन आधी बंद करावे. आता टेस्टरचे (व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणाचे) एक टोक शेवटच्या अर्थिंग सळईला आणि दुसरे तिच्यापासून मीटरभर दूर जमिनीत खुपसावे. वाचन २०० ते ३०० व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे. त्याहून अधिक असेल तर आणखी एक सळई ठोकून पुन्हा मोजावे. ही चाचणी वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत करावी. ओल्या जमिनीत सगळीच अर्थिंग उत्तीर्ण होतात.

१०. आमची जमीन वाळूची किंवा खडकाळ आहे आणि कोरड्या दिवसांत झटकाच लागत नाही. काय करावे?

आधी सळया वाढवाव्यात आणि त्यांच्याभोवती अधूनमधून पाणी घालावे. तेवढ्याने भागले नाही तर परतीचा रस्ता कुंपणातच द्यावा : एक ओळ जिवंत, तिच्या शेजारची ओळ अर्थिंगच्या सळयांना जोडलेली, अशी मांडणी करावी. घोड्याने दोन्ही ओळींना एकदम स्पर्श केला की जमीन कितीही कोरडी असली तरी झटका पूर्ण बसतो. यासाठी त्या दोन ओळींमधले अंतर कमी ठेवावे लागते, आणि त्या एकमेकींना चिकटणार नाहीत याकडे लक्ष द्यावे लागते.

११. फाटकापाशी वीज पलीकडे कशी न्यावी?

जमिनीखालून, आणि त्यासाठीच बनवलेल्या दुहेरी आवरणाच्या केबलमधून. घरगुती वायरचे आवरण साधारण हजार व्होल्टच्या आसपासच्या दाबासाठी असते; कुंपणाचे हजारो व्होल्ट त्यातून मातीत झिरपतात आणि दोष जमिनीखाली असल्याने सापडत नाही. केबल प्लॅस्टिकच्या नळीत घालून नळीची तोंडे खाली वळवावीत, म्हणजे पाणी शिरत नाही. फाटकच विजेचे असेल तर जोडणी अशी करावी की मूठ काढताच हातातली पट्टी मृत होईल; अनेक ठिकाणी हे उलटे केलेले दिसते आणि जमिनीवर पडलेली जिवंत पट्टी घोड्याच्या पायात येते. स्प्रिंगचे फाटक घोड्यांसाठी नको, त्यात शेपटी आणि आयाळ अडकते.

१२. तुटलेली पट्टी गाठ मारून जोडली तर चालेल का?

रात्रीपुरती चालेल. गाठीत धातूचे बारीक धागे एकमेकांना नीट टेकत नाहीत, ठिणग्या उडून ते जळतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारी पट्टी आतून तुटलेली राहते. दुसऱ्या दिवशी धातूचा जोड-क्लॅम्प लावावा. सगळ्या ओळी कुंपणाच्या दोन्ही टोकांना एकमेकींना जोडल्या, तर एक ओळ तुटली तरी वीज दुसऱ्या बाजूने पोचते.

१३. घोड्याला या कुंपणाची ओळख कशी करून द्यावी?

दिवसाउजेडी, मोकळ्या पण आटोपशीर जागेत, आणि शक्यतो विजेच्या ओळीमागे भक्कम लाकडी कुंपण असताना. आधी मशीन बंद ठेवून घोड्याला हाताने धरून सगळ्या सीमेवरून फिरवावे. मग मोरखी काढून त्याला मोकळे सोडावे, शेजारी सवयीचा शांत घोडा असल्यास फार बरे, आणि मशीन पूर्ण ताकदीने सुरू करून आपण दूर व्हावे. दूर होणे महत्त्वाचे, कारण झटका बसला त्या क्षणी जवळ उभा असलेला माणूस त्याच्या डोक्यात त्या वेदनेशी जोडला जातो. कुतूहलाने नाक लावलेला घोडा फुरफुरत मागे उडी घेतो, तेच हवे. दोरीने ओढून त्याला पट्टीला टेकवू नये, आणि चाऱ्याचे आमिष पट्टीला टांगण्याची शिफारसही मी करणार नाही. खाण्याच्या जागी फसवणूक झालेले जनावर नको तिथे संशयी होते. पहिला झटका खांद्याला किंवा मागच्या अंगाला बसला तर घोडा पुढे, म्हणजे कुंपणावरच, झेपावू शकतो. मागे भक्कम कुंपण हवे ते याचसाठी.

१४. माझे तट्टू झटक्याला जुमानत नाही आणि मान खाली घालून आरपार जाते. असे का होते?

दाट आयाळ आणि थंडीतले जाड केस वीज अडवतात, झूलही अडवते. शेटलंडसारख्या तट्टूंना हे लवकर उमगते. ते कपाळावरची झुलपे पुढे करून ओळीखाली शिरतात. व्होल्टेज दूरच्या टोकाला ४००० च्या वर न्यावे आणि खालची ओळ नाकाच्या उंचीवर आणावी, कारण नाक नेहमी उघडे आणि ओलसर असते. याबरोबर एक प्रश्न स्वतःला विचारावा : आत चारा, पाणी आणि सोबत आहे का? उपाशी, तहानलेला किंवा एकटा पडलेला घोडा कोणतेही कुंपण मोडेल. लठ्ठ तट्टूचे गवत मोजून देण्यासाठी पट्टी रोज थोडी सरकवली जाते तेव्हा हा मोह सर्वाधिक असतो, कारण खुरांच्या दाहाच्या भीतीने ज्याला कमी खायला दिले जाते त्याच्या नाकासमोर हिरवे कुरण असते. अशा वेळी त्याला कमी पोषणमूल्याचा सुका चारा तरी पुरवावा.

१५. काल ठीक होते, आज व्होल्टेज अचानक पडले. दोष कुठे शोधावा?

प्रथम मशीन बंद करून कुंपण त्यापासून सोडवावे, मग मशीन सुरू करून एकट्याचे व्होल्टेज मोजावे. ते चांगले असेल तर दोष कुंपणात आहे. मग कुंपण मध्यावर तोडून कोणत्या अर्ध्यात गळती आहे ते पाहावे, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. दर दोनशे मीटरवर स्विच बसवलेले असतील तर हे काम काही मिनिटांचे होते. शांत वेळी ‘टक्-टक्’ असा आवाज आणि अंधारात निळसर ठिणगी दोषाची जागा दाखवते. कारणे बहुधा हीच : वाढलेले गवत, तडकलेला इन्सुलेटर, लोखंडी खांबाला टेकलेली पट्टी, सैल क्लॅम्प. गवत पूर्ण वाळलेले असेल तर ठिणगीने आग लागू शकते, तेव्हा ही दुरुस्ती उद्यावर टाकू नये. मशीनच कमी व्होल्टेज देत असेल तर प्रश्न ७ मधला बॅटरीचा हिशोब पाहावा.

१६. शेताला आधीच काटेरी तार आहे. तिच्यातूनच वीज सोडली तर?

नाही. झटक्याने मागे उसळू पाहणारे अंग काट्यांत अडकते आणि प्रत्येक ठोक्यागणिक जखम वाढते. आयईसीचे मानकही हे निषिद्ध ठरवते. काटेरी तार काढणे शक्य नसेल तर तिच्या आतल्या बाजूला लांब दांड्याचे इन्सुलेटर लावून स्वतंत्र पट्टी चालवता येते. मानकात यासाठी किमान १५ सेंटिमीटर अंतर सांगितले आहे, पण घोड्यांसाठी ते मीटरभर असल्यास मनाला स्वस्थता राहते.

१७. शेळ्यामेंढ्यांची विजेची जाळी घोड्यांना चालते का?

चालत नाही. खूर जाळीच्या चौकटीत जातो, नाल अडकते, आणि घाबरलेला घोडा सगळी जाळी ओढत पळतो.

१८. शिंगरू किंवा खच्ची न केलेला नर घोडा असेल तर काय बदलावे?

शिंगरासाठी तट्टूप्रमाणेच खालची ओळ हवी (प्रश्न ४). ते झोपलेले असताना ओळीखालून लोळत बाहेर जाऊ शकते आणि मग घोडी कुंपणावर धाव घेते. नर घोड्यासाठी केवळ विजेवर विसंबू नये : उंच, भक्कम कुंपण आणि त्याच्या आतून वरच्या कडेला विजेची ओळ, अशी जोड असावी. शेजारच्या कुरणात घोडी किंवा दुसरा नर असेल तर मध्ये काही मीटरची मोकळी जागा सोडून दुहेरी कुंपण घालावे. त्या दोन कुंपणांना वेगवेगळी मशीन असतील, तर त्यांच्यातले अंतर अडीच मीटरपेक्षा कमी नसावे, कारण दोन मशीनचे ठोके वेगवेगळ्या वेळी पडतात आणि एकाच वेळी दोन्हींना हात लागलेल्या माणसाला मधला विसावा मिळत नाही. याच कारणाने एकाच कुंपणाला दोन मशीन कधीही जोडू नयेत.

१९. रस्त्याच्या कडेला फक्त विजेचे कुंपण पुरेल का?

माझे मत स्पष्ट आहे : पुरत नाही. बॅटरी उतरू शकते, फांदी पडू शकते, आणि घाबरलेल्या कळपाला रात्री पट्टी दिसतही नाही. बाहेरची सीमा भक्कम असावी आणि विजेची ओळ तिच्या रक्षणाला असावी. लाकडी आडव्या दांडीवर लावलेली एक ओळ घोड्यांना दांडी कुरतडण्यापासून आणि तिच्यावर रेलण्यापासूनही परावृत्त करते.

२०. घोडा पाणी प्यायला जात नाही. हौदाला सूक्ष्म झटका लागतो असे वाटते. हे शक्य आहे का?

शक्य आहे. कुंपणाची ओळ धातूच्या हौदाला किंवा नळाला टेकत असेल, किंवा अर्थिंगच्या सळया हौदाजवळ असतील, तर पाण्यात थोडे व्होल्टेज उतरते. आपल्या बुटांमुळे ते आपल्याला जाणवत नाही, ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या घोड्याला जाणवते. मशीन बंद केल्यावर घोडा निवांत पिऊ लागला तर कारण कळले. हौद कुंपणापासून काही मीटर आत आणि कोपऱ्यापासून दूर हलवावा. सळयांची जागा प्रश्न ८ प्रमाणे बदलावी.

२१. गडगडाटी पावसात आणि विजेच्या मोठ्या तारांखाली काय काळजी घ्यावी?

वादळाची चाहूल लागताच घोडे आत घेऊन मशीन कुंपणापासून आणि वीजजोडणीपासून सोडवावे. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, कारण आकाशातली वीज ती फट सहज ओलांडते. सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारे उपकरण, बसवल्यास मशीन वाचण्याची शक्यता वाढते, हमी मिळत नाही. डोक्यावरच्या वीजवाहिन्यांना कुंपण समांतर नेऊ नये. ओलांडायचेच असेल तर काटकोनात, आणि तिथे कुंपणाची उंची ३ मीटरच्या आत असावी. वीज किंवा टेलिफोनच्या खांबांवर इन्सुलेटर ठोकू नयेत.

२२. घोडे आता शिकले आहेत. मशीन बंद ठेवून बॅटरी वाचवता येईल का?

काही घोडे कित्येक आठवडे पट्टीला शिवत नाहीत, काही रोज मिशांच्या केसांनी अंदाज घेतात. कळपात दुसऱ्या प्रकारचा एक जरी असला तरी बंद कुंपण त्याला सापडते, आणि उरलेले त्याच्या मागून बाहेर पडतात. शिवाय मृत, सैल पट्टीत पाय गुंतण्याचा धोका जिवंत पट्टीपेक्षा अधिक, कारण घोडा तिच्यापासून दूर राहत नाही. मशीन चालू ठेवावे आणि रोज चारा देताना दूरच्या टोकाला टेस्टर लावून आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा. हळूहळू होणारी घसरण त्यातून लगेच दिसते.

२३. घोडा दोरीत अडकला तर सर्वांत आधी काय करावे?

मशीन बंद करावे, घोड्याकडे त्यानंतरच जावे. झटके बसत असताना तो उधळतो आणि सोडवणाऱ्यालाही लाथ बसते. म्हणून मशीनचा स्विच कुठे आहे हे पागेत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे आणि दोरी कापणारी मजबूत कात्री मशीनशेजारीच टांगलेली असावी. घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, हळू आवाजात बोलत जावे. एकाने डोके धरावे, दुसऱ्याने दोरी पायापासून दूरवर, दोन्ही बाजूंना कापावी. पायाभोवती रुतलेला भाग ओढून काढू नये. वरून जखम लहान दिसली तरी दोरीच्या घर्षणाने खोलवर भाजलेले असू शकते, तेव्हा पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवावे. घोडा लंगडत नसला, तरीही.